बिननावाचा कॉलम

वाचकांच्या चमत्कारिक अनुभवांच्या या सदरात आपण कधी लिहू असं मला वाटलं नव्हतं. आमच्या भूम गावात घरोघरी अंगात येणं, लिंबू उतरवणं चालायचं, आमच्या घरीही. आठवीत विज्ञानाच्या सरांनी ते सगळं माझ्या डोक्यातून काढलं, ते कायमचं. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात, आई शाळेत खिचडी शिजवते, आणि आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्या पदवीवर माझा जितका विश्वास आहे तितका कशावरच नाही. तेव्हा ‘कॉम्प्युटरमध्ये भूत’ असलं काही मी सांगणार आहे असं समजून वाचू नका. मला भीती वाटली म्हणून मी लिहीत नाहीये. मला राग आलाय म्हणून लिहितेय, आणि तो अजून गेलेला नाही.

मी महाळुंगेला एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. नाव देत नाही. कंपनी अॅल्युमिनियमचे पार्ट ओतते. त्यातला एखादा पार्ट कापून, त्याचा रुपयाएवढा तुकडा आरशासारखा घासून मायक्रोस्कोपखाली ठेवला की आत अडकलेल्या हवेची छिद्रं काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. ठिपके जास्त म्हणजे पार्ट कच्चा. पूर्वी ते डोळ्यांनी मोजत. मी आल्यावर त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमधले फोटो ती एकेक करून उघडते, ठिपके मोजते आणि टेबल भरते. पहिल्या कॉलममध्ये सॅम्पल नंबर, दुसऱ्यात छिद्रांची संख्या, तिसऱ्यात सगळ्यात मोठं छिद्र, असं. माझी पद्धत अशी होती, की एक कॉलम वरपासून खालपर्यंत पूर्ण भरायचा, मग दुसरा. सुटसुटीत वाटायचं. कोणी शिकवलं नव्हतं, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले होते. आमच्या लॅबचे प्रमुख निकम साहेब, त्यांनी त्यावर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. मला हे काम त्यांनीच दिलं. इंग्रजीत मुलाखत देताना मी रडकुंडीला आले, तेव्हा “मराठीत सांग पोरी” म्हणणारे तेच. हे विसरून चालणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

तुकडे घासायचं काम सुमन मावशींकडे होतं. काळेवाडीच्या. ठेकेदाराकडून आलेल्या, आणि अठरा वर्षं फक्त हेच काम. फिरत्या चकतीवर पाण्यात पॉलिश पेपर लावून एकेक तुकडा घासायचा, पेपर बारीक बारीक करत न्यायचा. शेवटच्या पॉलिशनंतर तुकड्याला बोट लावायचं नसतं, डाग पडतो. म्हणून त्याच्या एक पायरी आधी मावशी तुकडा पुसून त्यावरून अंगठा फिरवायच्या आणि स्वतःशीच आकडा बोलायच्या. एक म्हणजे चांगला, चार म्हणजे वाईट. “दोन.” “तीन.” “हा तर चार हाय, मेला.” आमचा योगेश, तोही लॅबमध्येच, चिडवायचा, “मावशी, मटका लावता का आमच्या नावानं?” त्या म्हणायच्या, “लावला असता तर तुझ्यासारख्याचं तोंड बघायला इथं कशाला आले असते, भाऊ?”

त्यांचे आकडे कोणी लिहून घेत नव्हतं. मीसुद्धा नाही.

तर एका सोमवारी चाळीस तुकड्यांचं काम आलं. कंपनीकडे एका पार्टचे दोन साचे होते, एक जुना, एक नवा. त्यातला कुठला मोडीत काढायचा ते ठरायचं होतं. विषम नंबर जुन्या साच्याचे, सम नंबर नव्याचे. पण ही किल्ली फक्त निकम साहेबांकडे होती, आम्हाला नुसते नंबर. सोमवारी एक ते सोळा झाले. मंगळवारी सकाळी मी दुसऱ्या इमारतीत ट्रेनिंगला, योगेश सुट्टीवर. मावशींनी एकट्यांनी सतरा ते चाळीस घासले. दुपारी येऊन मी फोटो काढले. पहिलाच, सतराचा, फोटो सेव्ह होताना कॅमेरा अडकला. मी बंद करून चालू केला, पुढे गेले. स्क्रिप्ट चालवली, टेबल आलं. शेवटची, चाळिसावी ओळ मात्र नंबर सोडून रिकामी होती. मला वाटलं शेवटचा फोटो वाचला गेला नसेल. मी तो एकटा उघडला, मोजला, आकडे चाळिसाव्या ओळीत चिकटवले आणि प्रिंट काढली.

प्रिंट तुकड्यांच्या ट्रेवर ठेवायची पद्धत आहे. मावशी चष्मा लावून ती वाचत उभ्या राहिल्या.

“मॅडम, हे सरकलंय.”

“काय सरकलंय?”

“सतरा नंबर एवढा चांगला कसा? त्यो तर निव्वळ पाव होता. भोकंच भोकं. आन् अठराला बघा काय लिवलंय.”

साहेबांना रिपोर्ट चारला हवा होता. मी मान वर न करता म्हणाले, “मावशी, तुम्ही घासायचं बघा. मोजायचं मी बघते.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. ज्या मुलीच्या आईला शाळेत “तू खिचडीचं बघ” म्हणतात, त्या मुलीचं हे वाक्य आहे.

साहेबांनी रिपोर्ट किल्लीशी जुळवला आणि त्यांचा आवाज चढला. सोळा नंबरपर्यंत जुना साचा खराब, नवा चांगला. सतरापासून नेमकं उलट! “असं कसं होईल? सतराला काय बदललं?” मी विचार करून म्हणाले, “सर, सोळापर्यंत सोमवारी झाले. सतरापासून मंगळवारी.” साहेबांनी मंगळवारची हजेरी बघितली. मग म्हणाले, “मंगळवारी बाई एकटीच होती. हात मारला असेल कसाही. मऊ धातू आहे, कसंही घासलं की कुठे छिद्रं बुजतात, कुठे नवी पडतात.”

कस्टमरला तेच कळवलं. पॉलिशिंगमधली चूक, संबंधित व्यक्तीला काढलं आहे. ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये मावशींच्या नावापुढे ‘कामात निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं. गेटपास काढून घेतला तेव्हा मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी स्क्रीनकडे बघत होते. या पट्ट्यात ठेकेदार एकमेकांना फोन करून विचारतात. तो एक शब्द लागला की चाकण ते भोसरी कुठल्याच लॅबचं दार उघडत नाही. हे मला माहीत होतं.

आता पुढचं. इथून ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं.

तीनेक आठवड्यांनी साहेबांनी तोच रिपोर्ट नव्या नमुन्यात मागितला. सकाळची शिफ्ट, साडेदहाची वेळ, लॅबमध्ये लख्ख उजेड, बाहेर फोर्कलिफ्टचा आवाज. मी जुना फोल्डर घेतला, तीच स्क्रिप्ट चालवली. कॉलम भरले. ‘पूर्ण झालं’ असा मेसेज आला. आणि टेबलाच्या उजवीकडे, जिथे काहीच नसायला हवं, तिथे अजून एक कॉलम दिसायला लागला. वर नाव नाही. पहिल्या ओळीत ३.

स्क्रिप्ट चाळीस ओळींचा कॉलम डोळ्याची पापणी लवायच्या आत भरते. हा तसा भरत नव्हता. ३ आला... मग थांबला. मग १. मग पुन्हा थांबला. मी नुसती बघत बसले. चकतीवरून तुकडा उचलावा, पदराला पुसावा, अंगठा फिरवावा – तेवढा वेळ प्रत्येक आकड्याला लागत होता. माझ्या मागे पॉलिशिंगची चकती बंद होती. तिथे कोणी नव्हतं. सोळाव्या ओळीला २ आला आणि सगळं थांबलं. मला वाटलं हँग झालं. उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले, तेव्हा सतराव्या ओळीत आकडा आला. ४.

तो चाळीसपर्यंत गेला आणि थांबला. विषम ओळींत तीन आणि चार, सम ओळींत एक आणि दोन. सतरापासून उलटं नाही. वरपासून खालपर्यंत एकसारखं. फक्त एकतिसाव्या ओळीत, विषम असून, १.

मी फाइल पुसली, पुन्हा चालवली. पुन्हा तेच, तेच आकडे, तोच वेग. स्क्रिप्टची एकेक ओळ वाचली. असा कॉलम बनवणारं त्यात काही नाही. योगेशला बोलावलं. तो उभ्याउभ्या बघत राहिला.

“वर्षा, हे कुठून आणलंस?”

“आणलं नाही. येतंय.”

“मस्करी करू नको राव. एखादी जुनी फाइल जोडली असशील.”

त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर फोल्डर घेऊन चालवलं. तिथेही आला. अकराव्या ओळीनंतर त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “मी चहाला चाललोय. तू पण चल.” मी गेले नाही.

कारण तोपर्यंत मला दुसरं काहीतरी दिसलं होतं. नंबर सोडून माझ्या सगळ्या कॉलमांत चाळिसावी ओळ परत रिकामी होती. या एका कॉलमात मात्र ती भरलेली होती. मी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघितले. सोळापर्यंत जुळत होते. सतरापासून माझे आकडे एक ओळ वर होते. मी फोल्डरमध्ये सतराचा फोटो शोधला. फाइल होती. आत काहीच नव्हतं, शून्य. कॅमेरा अडकला तेव्हा नुसतं नाव तयार झालं होतं. सॅम्पल नंबरांचा कॉलम फायलींच्या नावांवरून भरला, चाळीस. बाकीचे कॉलम उघडलेल्या फोटोंवरून, एकोणचाळीस. रिकाम्या फोटोची जागा कोणी धरून ठेवली नाही, म्हणून अठराचं माप सतराला लागलं, एकोणीसचं अठराला, आणि असंच खाली. जुन्या साच्याचं पाप नव्याच्या माथी, नव्याचं जुन्याच्या. आणि रिकामी उरलेली शेवटची ओळ... ती मी माझ्या हाताने बुजवली होती. पहिल्या रिपोर्टमध्ये एकोणचाळीस आणि चाळीस या दोन ओळी अक्षरशः सारख्या होत्या. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मावशींना दिसलं होतं. त्यांनी सांगितलंही होतं. “हे सरकलंय,” याच शब्दांत.

ट्रे अजून कपाटात होता. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी सतरा ते चाळीस तुकडे स्वतः हलके घासले आणि पुन्हा फोटो काढले. तिसऱ्या तुकड्यालाच माझी बोटं आखडली. सतरा म्हणजे खरंच पाव होता. एकतीस विषम असून स्वच्छ होता. चोवीसच्या चोवीस बिननावाच्या कॉलमाशी जुळले.

आता तुम्ही म्हणाल, तूच कधीतरी मावशींचं ऐकून लिहून ठेवलं असशील. मीही तेच धरून बसले होते. सतराचं मला त्यांनी सांगितलं होतं, मान्य. सम-विषमचा अंदाज बांधता येतो, मान्य. पण मंगळवारी सकाळी त्या एकट्या होत्या. एकतीसला १, हे त्या खोलीतल्या भिंतींशिवाय कोणी ऐकलं नव्हतं.

मी निकम साहेबांकडे गेले. कॉलमबद्दल बोलले नाही, फक्त चूक सांगितली. त्यांना एका मिनिटात समजलं, हुशार माणूस आहे. त्यांनी केबिनचं दार लावलं.

“कस्टमरला काय कळवलंय, माहितीये ना?”

“हो सर. म्हणूनच दुरुस्त करायला—”

“नवीन रिपोर्टमध्ये आकडे बरोबर टाक. पुन्हा पॉलिश करून घेतले म्हण. विषय संपला.”

“आणि मावशी?”

“कोण मावशी? अगं, ती ठेकेदाराची माणूस. अशा शंभर मिळतात. तुझ्या स्क्रिप्टची चूक आहे असं लिहिलं तर कोणाची नोकरी जाईल, कळतंय का? तुला इथे कोणी आणलं, विसरलीस?”

मी विसरले नव्हते. तेच तर! त्या माणसाच्या उपकाराचं ओझं माझ्या मानेवर होतं, आणि त्याने नेमकं त्याच्यावरच बोट ठेवून दाबलं. मी “बरं सर” म्हणून बाहेर आले. ते “बरं सर” मला आजही ओकून टाकावंसं वाटतं. आठवडाभर मी गप्प राहिले. तो फोल्डर उघडला की कॉलम यायचा. ३... १... ४... थांबत थांबत. माझा राग आधी त्याच्यावर निघाला. मी स्क्रीनला म्हणाले, अगं बाई, कळलं मला, आता बस कर!

गुरुवारी आमची सुट्टी असते. मी रहाटणीला खोली घेऊन राहते, तिथून काळेवाडी चालत. मावशींचं घर दोन खोल्यांचं, फळीवर बुद्धांची मूर्ती, खाली नातवाची सायकल. मला बघून त्यांनी बस म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, फोटो, रिकामी ओळ, साहेब. आणि कॉलमसुद्धा. भूतबाधा म्हणतील म्हणून घाबरत घाबरत.

“आमच्यात भूतबित मानत न्हाईत,” मावशी म्हणाल्या. “आन् मी काय मेलेय व्हय? जित्ती हाय मी.”

“मावशी, एकतीस नंबर आठवतो?”

“एकतीस? चांगला निघाला त्यो. बाकीच्या एकाड एक सगळ्यांत घाण, आन् ह्यो एकटाच गुळगुळीत. मला बी नवल वाटलं.” त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. “कोण हुतं तिथं सांगायला? एकटीच बोलले.”

मी रडायला लागले. मला वाटलं होतं त्या जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

“रडू नका मॅडम. मला एक सांगा. मी तुमच्यासमोर उभी राहून म्हणलं, सरकलंय. तेव्हा तुम्ही वर बघितलं न्हाई. आन् त्येच त्या डब्यात उमटलं तर पळत आलात. माझ्या तोंडचं खोटं, आन् डब्यातलं खरं?”

मी डोळे पुसले. मावशी थांबल्या नाहीत.

“निष्काळजी लिवलं माझ्यापुढं. अठरा वर्षं! तीन ठिकाणी जाऊन आले. गेटवरच म्हणतात, तुमचं नाव कळलंय. आता मेसमध्ये भांडी घासते, पोरांच्या. बघा.” त्यांनी हात पुढे केले. भांड्यांच्या पावडरने बोटांची टोकं पांढरी पडून सोलली होती. “कायबी लागत न्हाई आता बोटाला. कपबशी बी गरम का गार कळत न्हाई.”

“मी काय करू मावशी?”

“जिथं माझं नाव घातलंय, तिथं तुमचं घाला. अजून काय.”

दुसऱ्या दिवशी मी मेल लिहिला. साहेबांना, त्यांच्या वरच्या साहेबांना, ठेकेदाराला, आणि कस्टमरकडच्या ज्यांना पहिला रिपोर्ट गेला होता त्यांना. पॉलिशिंगमध्ये चूक नव्हती. टेबल भरण्याच्या पद्धतीत होती. शेवटच्या ओळीत आकडे चिकटवून ती मी झाकली. सुमन मावशींनी त्याच दिवशी ती दाखवून दिली होती आणि मी ऐकलं नाही. खाली माझं पूर्ण नाव. पाठवताना वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. नोकरी गेली तर त्यांना काय सांगू, हे ठरवूनच बटण दाबलं.

नोकरी गेली नाही. मेमो मिळाला, पगारवाढ थांबली. निकम साहेब माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत, चिठ्ठी पाठवतात. जुना साचा मोडीत गेला. ठेकेदाराच्या रजिस्टरमधला तो शब्द खोडला, मी स्वतः जाऊन बघून आले. वरच्या साहेबांनी मावशींना परत बोलावलं. त्या दीड महिना आल्या नाहीत. मग आल्या.

त्या मेलनंतर मी तो फोल्डर पुन्हा चालवला. तेच फोटो, तीच स्क्रिप्ट, तेच मशीन. कॉलम आला नाही. योगेशच्या लॅपटॉपवरही नाही. आधी आला तेव्हा मी फाइल सेव्ह केली होती, तीही उघडून बघितली. त्यात माझे कॉलम आहेत, उजवीकडे काही नाही. योगेश म्हणतो, “मी पाहिलंय, कुठेही सांगेन.” पण कसं झालं ते त्यालाही सांगता येत नाही. माझ्या कॉलेजच्या सरांना विचारलं, त्यांनी तीन शक्यता सांगितल्या. मी तिन्ही तपासल्या. एकही बसली नाही.

ज्यांना मी हे सांगितलं ते सगळे विचारतात, कॉलम आला कुठून? कोणीच विचारत नाही की जी बाई अठरा वर्षं अंगठ्याने धातू वाचत होती, तिचे आकडे ठेवायला आमच्या टेबलात एक कॉलम आधीपासून का नव्हता! मला याचा जास्त राग येतो.

आता माझी स्क्रिप्ट टेबल ओळीओळीने भरते. एका तुकड्याचं सगळं संपलं की मगच पुढचा. फोटो वाचता आला नाही तर ती तिथेच थांबते आणि मला बोलावते. आणि पहिला कॉलम मावशींचा आहे, त्यांच्या नावाचा. प्रत्येक तुकडा शेवटच्या पॉलिशला जाण्याआधी मी विचारते, “मावशी, किती?”

त्या तुकडा पुसतात. अंगठा फिरवतात. बराच वेळ फिरवतात. मग मान हलवतात, “न्हाई लागत बोटाला अजून.”

मी ती जागा रिकामी ठेवते. साहेबांची परवा चिठ्ठी आली होती, ‘पहिला कॉलम रिकामा का? भरून पाठवा.’ मी तीच चिठ्ठी उलटवून मागे लिहिलं, ‘ज्यांचा आहे त्या भरतील.’